विंडोज ७ची रिपेअर डिस्क : मशीन चालतंय तोवरच करून ठेवा

मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ची देखभाल थांबवली. पैसे मोजणाऱ्या कंपन्यांना जानेवारी २०२३पर्यंत सुरक्षा अपडेट मिळत राहिले, मग तेही संपले. तरी तालुक्याच्या गावातल्या एखाद्या छापखान्यात डोकावा. लग्नपत्रिकांचं काम अजून विंडोज ७वरच चाललेलं दिसेल. मालकाला हौस आहे म्हणून नव्हे. ज्यात तो पानं जुळवतो तो पेजमेकर ७ आला २००१ साली, त्यानंतर त्याची पुढची मोठी आवृत्ती आलीच नाही. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये वीस वर्षांचं काम पडून आहे. त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे नेमका तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडल्या की मजकुराचा नुसता चिवडा दिसतो. करसल्लागाराच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्येही असंच एखादं मशीन कोपऱ्यात बसलेलं असतं. नवा पीसी शेजारी येतो, पण जुना हलत नाही.

हे मशीन बदला, असा सल्ला मी इथे देणार नाही. तो तुम्ही आधीच दहा जणांकडून ऐकला असेल. हे मशीन एक दिवस चालू होणार नाही, एवढं गृहीत धरून आज काय करून ठेवायचं, तेवढंच बघू. दोन गोष्टी करायच्या: एक रिपेअर डिस्क आणि एक सिस्टिम इमेज. लोक बहुतेक वेळा पहिली करतात आणि दुसरीही झाली असं समजतात. सगळा घोटाळा तिथेच होतो.

रिपेअर डिस्क म्हणजे किल्लीवाला. कुलूप बिघडलं तर तो दार उघडून देईल. आतलं सामान चोरीला गेलं असेल, तर ते काही तो आणून देणार नाही. या डिस्कमध्ये विंडोज नसतं, तुमच्या फायली नसतात, हिशेबाचं टॅली नसतं, फाँट नसतात. हार्ड डिस्कवरचं विंडोज उठत नसेल, तर बाहेरून मशीन सुरू करून आत शिरायला आणि दुरुस्तीची हत्यारं वापरायला ती असते. ही हत्यारं बहुतेक मशीनमध्ये हार्ड डिस्कवरही असतात. सुरू होताना एफ८ दाबलं की ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ असा पर्याय येतो. पण बूटचा भागच खराब झाला असेल तर एफ८पर्यंत गाडी पोहोचतच नाही. म्हणून ती वेगळ्या डिस्कवर हवीत.

करण्याआधी एक गोष्ट तपासा. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘सिस्टिम टाइप’समोर ३२ बिट लिहिलंय की ६४ बिट, ते बघा. ३२ बिटची डिस्क ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही आणि उलटही नाही. डिस्क सुरू होईल, पण ऐन वेळी ‘ही आवृत्ती जुळत नाही’ असं सांगून हात वर करेल.

आता डिस्क. रायटरमध्ये कोरी सीडी घाला. सगळा ऐवज दोनशे एमबीच्या आत बसतो, त्यामुळे साधी ७०० एमबीची सीडी पुरते. डीव्हीडी असेल तर तीही चालेल. पुसून पुन्हा वापरायची सीडी मात्र नको. ‘स्टार्ट’, ‘ऑल प्रोग्रॅम्स’, ‘मेन्टेनन्स’ आणि त्यात ‘क्रिएट अ सिस्टिम रिपेअर डिस्क’. सापडलं नाही तर स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत आर-ई-सी-डी-आय-एस-सी टाइप करून एंटर मारा. छोटी खिडकी उघडेल, त्यात ड्राइव्ह निवडा, ‘क्रिएट डिस्क’ दाबा आणि चहा घ्या. चहा संपायच्या आत काम झालेलं असतं.

कधीकधी ही खिडकी विंडोजची मूळ डीव्हीडी मागते. याचा अर्थ त्या मशीनवर दुरुस्तीच्या फायलीच नाहीत. कुणीतरी फॉरमॅट मारताना त्या गेल्या किंवा कंपनीने वेगळीकडे ठेवल्या. अशा वेळी अडून बसू नका. रिपेअर डिस्क कुठल्या एका मशीनशी किंवा लायसन्सशी बांधलेली नसते. शेजारच्या दुकानातल्या विंडोज ७वर, बिट तेवढे जुळत असतील तर, बनवलेली डिस्क तुमच्याकडेही चालते. ज्या मशीनमध्ये डीव्हीडी रायटरच नाही त्यांनाही हा मार्ग खुला आहे, कारण विंडोज ७ ही डिस्क फक्त सीडी-डीव्हीडीवरच लिहितं, पेन ड्राइव्हवर लिहायची सोय त्यात नाही.

पेन ड्राइव्हच हवा असेल तर तोही करता येतो. तयार रिपेअर डिस्कची आयएसओ फाइल बनवायची आणि रुफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर चढवायची. रुफसच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७वर उघडत नाहीत, ३.२२ ही त्यावर चालणारी शेवटची. नाहीतर हे काम सरळ नव्या मशीनवर करून घ्या. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे वेगळं सांगायला नको. डिस्कपार्टच्या काळ्या खिडकीत कमांड देऊन पेन ड्राइव्ह बूटेबल करण्याचे धडे अनेकजण उत्साहाने देतात. माझं मत असं की, ज्याला डिस्क शून्य कोणती आणि डिस्क एक कोणती हे झोपेतही सांगता येतं, त्यानेच त्या वाटेला जावं. एक आकडा चुकला की पेन ड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क साफ होते आणि डिस्कपार्ट त्याआधी ‘नक्की का?’ म्हणून विचारतही नाही.

डिस्क झाली की ती तपासा. हे कुणी करत नाही. मशीन रीस्टार्ट करा आणि कंपनीचं बोधचिन्ह दिसताच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरवर ती बहुधा एफ१२ असते, एचपीवर एफ९, असूसच्या मदरबोर्डवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआयवर एफ११. यादीतून सीडी निवडली की ‘प्रेस एनी की’ असा मजकूर चार-पाच सेकंद दिसतो. तेवढ्यात कोणतीही कळ दाबायची. हुकलं तर मशीन गुपचूप नेहमीचं विंडोज सुरू करतं आणि माणसाला वाटतं सीडी खराब आहे. भाषा आणि कीबोर्ड विचारणारी खिडकी आली, पुढे तुमचं विंडोज ७ यादीत दिसलं, की डिस्क पास. तिथूनच बंद करा. उगाच हत्यारं चालवून बघू नका.

इथे कीबोर्ड किंवा माऊस मेल्यासारखा झाला तर निळ्या यूएसबी पोर्टमधून काढून काळ्या पोर्टमध्ये लावा. निळं पोर्ट बहुधा यूएसबी ३चं असतं आणि विंडोज ७च्या या वातावरणात त्याचे ड्रायव्हर नसतात. बाहेरची हार्ड डिस्क दिसत नसेल तरी हाच उपाय.

आता समजा तो दिवस उजाडला. काळ्या पडद्यावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ लिहून आलंय. डिस्क शोधायला धावण्याआधी मशीनच्या मागे-पुढे बघा: एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का? ट्रेमध्ये जुनी डीव्हीडी आहे का? मशीन आधी तिथून उठायचा प्रयत्न करतं आणि हाच संदेश देतं. काढा, रीस्टार्ट करा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

दुसरी गोष्ट मदरबोर्डवरच्या सेलची. नाण्याएवढा, सीआर२०३२ नावाचा हा सेल काही वर्षांनी मरतो. मग मशीन प्लगमधून काढलं की बायॉसची सेटिंग पुसली जातात, घड्याळ मागे जातं. त्याचबरोबर हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर किंवा उलट जाऊ शकते, आणि विंडोज सुरू होता होता निळा पडदा येतो. त्यावर शेवटी ७बी असलेला कोड दिसला आणि बायॉसमध्ये तारीखही भलतीच दिसली, तर विंडोज बिलकूल उडालेलं नाही. सेल बदला, बायॉसमध्ये ती सेटिंग पूर्ववत करा. एवढ्याशा सेलपायी लोकांनी मशीन फॉरमॅट मारून घेतली आहेत. म्हणून आजच, मशीन धड असताना, बायॉसमध्ये जाऊन ‘साटा मोड’ काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हे दोन्ही नसेल तर डिस्क घाला. ‘सिस्टिम रिकव्हरी ऑप्शन्स’मध्ये पाच हत्यारं दिसतील. पहिलं ‘स्टार्टअप रिपेअर’. ते चालवा, रीस्टार्ट करा. नाही जमलं तर पुन्हा चालवा. एका फेरीत ते बहुधा एकच दोष काढतं, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या द्यायला हरकत नाही. दुसरं ‘सिस्टिम रिस्टोअर’: कालपर्यंत नीट होतं आणि एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम टाकल्यावर बिघडलं, अशा वेळी त्याचा उपयोग. ‘मेमरी डायग्नोस्टिक’ रॅम तपासतं. ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’बद्दल पुढे सांगतो. उरला ‘कमांड प्रॉम्प्ट’.

या काळ्या खिडकीचा सगळ्यात मोठा उपयोग दुरुस्तीचा नाही, फायली बाहेर काढण्याचा आहे. आधी पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावा, मग प्रॉम्प्टवर इंग्रजीत ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर मारा. हो, तेच आपलं साधं नोटपॅड उघडतं. त्यात ‘फाइल’, ‘ओपन’ करा आणि खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’च्या जागी ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता ही ओपनची खिडकीच तुमचा एक्सप्लोरर झाली. डावीकडे ‘कॉम्प्युटर’वर जा. इथे गोंधळू नका: तुमचा नेहमीचा सी ड्राइव्ह इथे डी नावाने दिसण्याची शक्यता मोठी आहे. विंडोज ७ इन्स्टॉल होताना १०० एमबीचा एक लपलेला भाग करून ठेवतं आणि इथे सी हे अक्षर बहुधा तो पटकावतो. एक्स नावाचा जो ड्राइव्ह दिसेल, तो रॅममधला तात्पुरता. त्यात काही ठेवलंत तर रीस्टार्टबरोबर गेलं. ‘यूझर्स’मध्ये तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, आणि पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. कॉपी चालू असताना पुढे सरकणारी हिरवी पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. घाबरून बंद करू नका. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चाललेलं आहे. टॅलीचं डेटा फोल्डर आणि ‘विंडोज’मधलं ‘फाँट्स’ फोल्डर विसरू नका. डीटीपीवाल्यांनी तर दुसरं आधी घ्यावं.

हे सगळं करताना मशीन तुम्हाला पासवर्ड विचारत नाही, हे लक्षात आलं का? एफ८मधून गेलात तर विचारतं, डिस्कवरून गेलात तर नाही. म्हणजे ही डिस्क ज्याच्या हातात, त्याला तुमच्या सगळ्या फायली उघड्या. काउंटरवर पडू देऊ नका.

फायली निघाल्या की मगच बूटची डागडुजी. त्याच खिडकीत ‘बूटरेक’, जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘फिक्सबूट’, तसंच ‘रीबिल्डबीसीडी’. ‘फिक्सएमबीआर’ जरा जपून वापरा. काही ब्रँडेड मशीनमध्ये कंपनीच्या रिकव्हरीची कळ त्याच जागेत नोंदलेली असते. ही कमांड दिली की विंडोज उठेल, पण ती कळ कायमची मुकी होईल. आणि हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर ‘चेकडिस्क’ लावून रात्रभर घासत बसू नका. मरायला टेकलेली डिस्क त्यातच मरते. आधी जेवढं निघतं तेवढं काढून घ्या.

आता इमेज. डिस्क करायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ इथे जातो आणि म्हणूनच लोक टाळतात. पण ज्याच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी हरवलीय, ज्याचा विक्रेता दुकान बंद करून गेलाय, त्याला इमेजशिवाय पर्याय नाही. इमेज म्हणजे सी ड्राइव्ह जसाच्या तसा: विंडोज, प्रोग्रॅम, फाँट, सेटिंग, सगळं. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मध्ये डावीकडे ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ आहे. बाहेरची हार्ड डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असायला हवी. डीव्हीडीवरही इमेज घेता येते, पण डीव्हीडींची चळत होते आणि त्यातली एक खराब निघाली तर बाकीच्या बशा ठेवायला कामाच्या. त्या फंदात पडू नका.

इमेज ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये बसते. या फोल्डरचं नाव बदलू नका आणि ते दुसऱ्या फोल्डरच्या पोटातही सरकवू नका, नाहीतर रिपेअर डिस्कला ते सापडत नाही. डिस्कवर जरा नीटनेटकं ठेवावं म्हणून एखादा ‘जुने बॅकअप’ नावाचं फोल्डर करून त्यात हे टाकतो आणि वेळ आल्यावर ‘इमेज नाही’ असं उत्तर मिळतं. घाबरू नका, फोल्डर उचलून बाहेर आणलं की इमेज पुन्हा दिसते.

हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकणाऱ्यांसाठी एक सूचना. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी. जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर फक्त ६० जीबी भरलेलं असलं तरी २४० जीबीच्या एसएसडीवर ही इमेज बसायला नकार देते. ४८० जीबीचा स्वस्त पर्यायही त्यामुळे उपयोगाचा नाही. ५०० किंवा त्याच्या वरचा घ्या. शिवाय इमेज त्याच मशीनसाठी असते. मदरबोर्ड वेगळा असेल तर ती उतरेल, पण विंडोज उठेल याची खात्री नाही.

ब्रँडेड लॅपटॉपवाल्यांकडे तिसरा प्रकार असतो, कंपनीच्या रिकव्हरी डिस्कचा. एचपीचा ‘रिकव्हरी मॅनेजर’, एसरचा ‘ई-रिकव्हरी’, लेनोव्होचा ‘वन की रिकव्हरी’. त्यातून बनवलेल्या डीव्हीडी लॅपटॉप दुकानातून आणला त्या दिवसासारखा करतात, म्हणजे तुमचं सगळं पुसून. एचपीवर हा संच एकदाच करता येतो, तेव्हा डीव्हीडी चांगल्या घ्या आणि कमी वेगाने लिहा. हा संच असला तरी रिपेअर डिस्क वेगळी लागतेच.

ज्यांच्याकडे याहूनही जुनं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोज ९८मध्ये ‘अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स’मधून एका फ्लॉपीवर स्टार्टअप डिस्क करता यायची. एक्सपीमध्ये रिपेअर डिस्कचा प्रकार नाही. मूळ सीडीवरून सुरू करून आर दाबला की रिकव्हरी कन्सोल येतं, तेवढंच. लेथ किंवा सीएनसी मशीनला जोडलेला एक्सपी असेल तर क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने अख्ख्या हार्ड डिस्कची दुसऱ्या हार्ड डिस्कवर हुबेहूब प्रत काढून ठेवणं हाच खरा उपाय. मूळ डिस्क गेली की प्रत लावायची, काम चालू. आणि विंडोज १०वाल्यांनी हसू नये, त्याची मोफत देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिथे मात्र सोय चांगली आहे: शोधपट्टीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ लिहा, किमान १६ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावा, सिस्टिम फायली घेण्याच्या चौकटीत टिक ठेवा. या ड्राइव्हवरून विंडोज नव्याने बसवताही येतं, जे ७च्या सीडीला जमत नाही.

सीडी ठेवण्याबद्दल. घरी लिहिलेली सीडी ऊन आणि दमटपणा सोसत नाही. कोकणात आणि गोव्यात तर पावसाळ्यात उघडी ठेवलेली सीडी हमखास डागाळते. कडक डबीत, कपाटात, उभी ठेवा. वर कागदी स्टिकर चिकटवू नका, सीडीसाठीच्या मार्करने लिहा: ‘विंडोज ७, ६४ बिट, रिपेअर’ आणि तारीख. दोन प्रती काढा, एक दुकानात, एक घरी. वर्षातून एकदा डिस्क घालून बूट होतेय का बघा.

डबीत एक चिठ्ठीही घाला. त्यावर बूट मेनूची कळ, बायॉसमधला साटा मोड, इमेज कोणत्या हार्ड डिस्कवर आहे ते, आणि कॅबिनेटच्या स्टिकरवरची विंडोजची २५ अक्षरांची की. ते स्टिकर लॅपटॉपच्या पोटाशी असेल तर आजच उतरवून घ्या, मांडीवर घासून घासून त्यातली निम्मी अक्षरं एव्हाना पुसट झाली असतील.